दातांत धरलेली शिट्टी

श्री. दाविद मारुती कसबे सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख मागणारा फोन आला, तेव्हा संपादक मंडळातल्या तरुण सदस्याने मला विषयही सुचवला: ‘सरांचा गरीब स्वभाव’. बाई, तुम्ही इतकी वर्षे त्यांच्याबरोबर नोकरी केलीत, यावर तुमच्याइतके चांगले कोण लिहिणार, असे तो म्हणाला. फोन ठेवता ठेवता त्याने आणखी एक विनंती केली. मैदानाचा विषय शक्यतो नको, समारंभाला सगळीच मंडळी असणार आहेत.

मी दोन्हीला नकार दिला. कसबे सरांचा स्वभाव गरीब नाही. आमच्या शाळेत मी जेवढ्या शिक्षकांबरोबर काम केले, त्यांच्यात इतका तापट माणूस दुसरा नव्हता. आणि मैदानाचा विषय वगळून त्यांच्यावर लिहायचे, तर मग हार-तुऱ्यांचे फोटो छापावेत, लेख कशाला हवा? संपादकांनी लेख परत पाठवला तर माझी हरकत नाही. छापला तर मात्र कात्री न लावता छापावा.

बी.एड. करून मी सोलापूरच्या आमच्या मिशन शाळेत इतिहास शिकवायला रुजू झाले, त्याच आठवड्यात आमचे व्यायामशिक्षक असलेल्या सरांची पहिली ओळख झाली. ओळख म्हणजे, मी मैदानाच्या कडेला उभी होते आणि समोर एका पालकाने सरांच्या शर्टाची बटणपट्टी मुठीत धरली होती. गृहस्थ मालट्रकचे मालक होते. मुलगा कबड्डीच्या संघात निवडला गेला नव्हता, म्हणून ते वर्ग, मुख्याध्यापक वगैरे सगळे ओलांडून थेट मैदानात घुसले होते. कसबे सर तेव्हा तालमीतून नुकतेच बाहेर पडल्यासारखे दिसत. त्या गृहस्थांना उचलून कुंपणापलीकडे ठेवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी गळ्यातली शिट्टी उचलली आणि दातांत धरली. वाजवली नाही.

सरांचा मैदानावर एक नियम होता. शिट्टी तोंडाकडे गेली की ज्याने त्याने आहे तिथे थांबायचे, आणि वाजली की सुरू करायचे. त्यामुळे शिट्टी दातांत गेली त्या क्षणी सगळे मैदान थांबले. धावणारे थांबले, सूर्यनमस्कारात वाकलेले वाकलेलेच राहिले. इतक्या शांततेत त्या पालकांचा एकट्याचाच आवाज उरला आणि तो त्यांना स्वतःलाच ऐकू येऊ लागला. मग तेही त्या शिट्टीकडे बघत राहिले, आता वाजेल, मग वाजेल म्हणून. त्यांची मूठ कधी सुटली ते त्यांनाही कळले नसावे. सरांनी शिट्टी काढली, रुमालाने पुसली आणि म्हणाले, “बसा साहेब, पाणी घ्या. आता पहिल्यापासून सांगा.”

दुपारी शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. कसबे सर म्हणजे अगदी गाय, कोणीही यावे आणि शिंगे धरावीत, असे कोणीतरी म्हणाले. ही शिंगांची उपमा त्यांनाच शोभो. मी जवळ उभी होते. सरांच्या मानेची फुगलेली शीर मी पाहिली होती. पुढे एकदा ती शिट्टीही मी हातात घेऊन पाहिली. तिची तोंडाकडची कड चावून चावून चपटी झाली होती. शाळेचे खेळाचे सामान ज्या दुकानातून येई, तिथले चाचा प्रत्येक वेळी नवी शिट्टी देताना विचारत, “सर, सीटी बजाते क्या खाते?” सर सांगत, “दोनों, चाचा.”

ही सवय कशासाठी, हे मी त्यांना स्पष्टच विचारले होते. त्यांचे उत्तर साधे होते. “शिवी द्यायला तोंड मोकळं लागतं, बाई.”

आणि शिव्या त्यांना पुष्कळ येत. आमच्या मैदानावर यंत्रमाग चालवणाऱ्या तेलुगू घरांतली मुले होती, अक्कलकोट-मैंदर्गीकडची कन्नड बोलणारी होती, दखनी बोलणारी होती, जिल्ह्याच्या गावांतली होती. चारही भाषांत काय काय बोलले जाते ते सरांना नीट कळे. त्यांनी त्यातले वापरले नाही, एवढेच.

सर मूळचे जेऊरचे. वडील रेल्वेत गँगमन होते. मारुतीरावांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला. त्याआधीच्या वर्षांत घरात चूल पेटत नसे आणि मिशनच्या आवारात जेवण मिळे, हे गावाला माहीत होते. म्हणून गाव या घराला ‘पावाचे ख्रिस्ती’ म्हणे. पावासाठी बाटलेले, असा त्याचा अर्थ. हा शब्द आपल्यापैकी अनेकांच्या घरांनी ऐकला आहे. त्यामुळे तो कसा लागतो हे मी समजावून सांगत बसत नाही.

जेऊरच्या तालमीत सर कुस्ती शिकले. शेजारच्या केम गावचा बाबू पैलवान हा त्यांचा जोडीदार मल्ल. एका जत्रेतल्या कुस्तीत सरांनी बाबूला चीत केले, पंचांनी हात वर केला, कुस्ती संपली. खाली पडलेला बाबू तेवढ्यात तो शब्द बोलला. सरांच्या हातात अजून त्याचा उजवा हात होता. पंचांनी ओढून काढेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. बाबूचा तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. हे मला कोणा गाववाल्याने सांगितलेले नाही. सर स्वतः दर वर्षी कबड्डीच्या नव्या संघाला पहिल्या दिवशी हे सांगत, आणि मगच पोरांना एकमेकांच्या अंगाला हात लावू देत.

त्या वर्षीच्या नाताळात सर फराळाचा डबा घेऊन केमला गेले. बाबूच्या बायकोने दार लावून घेतले. पुढच्या नाताळात पुन्हा गेले. पुन्हा दार लागले. किती वर्षे असे चालले ते सरांनी मोजले नाही, मीही विचारले नाही. शेवटी एकदा बाबूनेच दार उघडले आणि उंबऱ्यातच त्यांना अडवून म्हणाला, “हात मोडलास रं, जीभ न्हाय मोडली माजी. म्हनू का पुन्यांदा?”

“म्हण की.”

बाबूने डब्याकडे पाहिले. “ऱ्हाऊ दे. करंजी हाय का त्यात?”

आजही नाताळच्या आठवड्यात सर आणि त्यांच्या पत्नी रूथवहिनी गाडीने केमला जातात. उशीर झाला की बाबू पैलवान फोन करून विचारतात, “मास्तर, अवंदा सण हाय का न्हाय तुमचा?”

सरांच्या कामाबद्दल लिहायचे तर मुलींच्या कबड्डीपासून सुरुवात करावी लागेल. आमच्या शाळेत मुलींचा संघ त्यांनी काढला. अर्ध्या मुलींचे आईबाप नको म्हणाले. सर घरोघर गेले, मागाच्या खडखडाटात उभे राहून तोडक्यामोडक्या तेलुगूत बोलले, हसे करून घेतले. एका आजीने त्यांना तोंडावर सांगितले की आमच्या पोरीला पैलवान करून तिच्याशी लग्न कोण करणार, तुम्ही? सर म्हणाले, “माझं झालंय आजी, पण बायकोला विचारून बघतो.” ती मुलगी पुढे संघाची कर्णधार झाली आणि आज एका शाळेत व्यायामशिक्षिका आहे. तिचाही लेख या ग्रंथात आहे.

मी मुख्याध्यापिका झाले, तेव्हा काही ज्येष्ठ शिक्षकांना ते रुचले नव्हते. माझ्या पहिल्या सभेत ते भिंतीला टेकून उभे राहिले. खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हणून दोनदा सांगितले, कोणी बसले नाही. सर मागून आले, एक खुर्ची उचलून अगदी माझ्यासमोर ठेवली, बसले आणि मागे वळून शिट्टी दातांत धरली. भिंतीकडचे बोलणे थांबले आणि बाकीचेही बसले. पन्नाशीच्या शिक्षकांनाही ती सवय लागली होती. माझी सभा वेळेवर सुरू झाली आणि वेळेवर संपली. सरांनी त्याचा उल्लेख नंतर कधीही केला नाही. आज मी करते आहे, कारण त्या दिवशी आभार मानायचे राहिले.

आता मैदान.

सर निवृत्त झाल्यानंतरची ही गोष्ट आहे. मी अजून मुख्याध्यापिका होते. संस्थेच्या तेव्हाच्या चिटणीसांनी शाळेचे मैदान लग्नाच्या लॉनसाठी दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यायचे ठरवले. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच होते, ते मी नाकारत नाही. छप्पर गळत होते, मुलींच्या स्वच्छतागृहाची दशा वाईट होती. पण मुले खेळणार कुठे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. सरांनी हा प्रश्न चर्चमध्ये उपासनेनंतर सगळ्या मंडळीसमोर उभे राहून विचारला. मग मैदानासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागली.

आपल्याकडच्या सभा कशा होतात ते वाचकांना माहीत आहे. गोंधळ व्हावा लागतो. कोणीतरी कोणाची गचांडी धरली, खुर्ची उडाली, की अध्यक्ष उठून जातात आणि सर्व विषय मंजूर झाल्याचे दुसऱ्या दिवशी कळते. आदल्या दिवशी चिटणीसांचे एक स्नेही माझ्या कार्यालयात चहा पिऊन गेले, तेव्हा त्यांनी मला हे हसत हसत ऐकवलेही होते. म्हणाले, कसबे मास्तरांची पोरं येणारच आहेत, ती काही गप्प बसायची नाहीत, आमचं काम तीच करतील. मी हे सरांच्या कानावर घातले. ते फक्त हं म्हणाले.

सभेला शाळेचा हॉल भरला होता. निम्म्याहून अधिक सभासद सरांच्या हाताखाली शिकलेले होते. त्यात कबड्डीचे जुने खेळाडू पुष्कळ. अध्यक्षस्थानी पाळकसाहेब होते. सरांनी आपले म्हणणे थोडक्यात मांडले आणि ते खाली बसणार, इतक्यात चिटणीस उठले. ते म्हणाले, “पावासाठी बाटलेल्यांच्या पोरांनी मंडळीच्या जमिनीची काळजी करू नये. आमचे आजोबा विश्वासाने आले होते.”

तो शब्द हॉलमध्ये पडला आणि मागच्या रांगा उठल्या. खुर्च्या सरकल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. एकाने मनगटातले घड्याळ काढून खिशात ठेवले. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. चिटणीसांचा मात्र उतरला नव्हता. त्यांना हवे ते अगदी हवे तसे होत होते.

मी सरांकडे पाहिले. हॉलमध्ये किती जणांच्या ते ध्यानात आले असेल ठाऊक नाही, पण शब्द तोच होता, जेऊरच्या जत्रेतला. वडील आता हयात नव्हते, त्यांची बाजू घ्यायला ते स्वतः येऊ शकत नव्हते. समोरच्या माणसाचा हात सरांपासून हातभर अंतरावर होता, आणि सरांचे हात वय झाले तरी पैलवानाचे होते. त्यांनी एक पाऊल टाकले असते तर मैदान गेले असते. आणि मी लिहिते ते सभ्य शब्दांत लिहिते, त्यांना ते पाऊल टाकायचे होते.

त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, शिट्टी काढली आणि दातांत धरली.

हॉल थांबला. जे उठले होते ते उठलेले राहिले, जो पुढे निघाला होता त्याचा पाय पुढेच राहिला. बाप झालेली, पोटे सुटलेली, टक्कल पडलेली ती सगळी पोरे शिट्टी वाजायची वाट बघत उभी राहिली. ती वाजली नाही. बाहेरून कोणी आला असता तर हे काय चालले आहे ते त्याला कळले नसते. आम्हाला कळत होते. सरांचे डोळे लाल झाले होते आणि जबडा हलत होता. प्लास्टिक करकरल्याचा आवाज मी ऐकला आहे, कोणी मानो वा न मानो.

मग त्यांनी शिट्टी काढून रुमालाने पुसली.

“माझे वडील पावासाठी आले की प्रभूसाठी, ते मला माहीत नाही,” ते म्हणाले. “ते उपाशी होते, एवढं माहीत आहे. या मंडळीनं त्यांना जेवायला घातलं, त्याची मला लाज वाटत नाही. विषय मैदानाचा आहे. पाळकसाहेब, हात वर करायला सांगा.”

उभे राहिलेल्यांना करायला दुसरे काही उरलेच नव्हते. त्यांनी हात वर केले. मैदान राहिले.

तुम्हाला वाटेल, इथे गोष्ट संपली आणि सरांचा जयजयकार झाला. तसे झाले नाही. पुढच्याच आठवड्यापासून बोलणे सुरू झाले की बापाला एवढे बोलले तरी मास्तर तोंडात शिट्टी घालून लहान पोरासारखे उभे राहिले. वय झाले, दम उरला नाही. सरांच्या मुलानेही जेवताना म्हटले, “पप्पा, एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.” सर म्हणाले, “मलाही.” आणि वहिनींकडे भाकरी मागितली.

‘गरीब स्वभाव’ हा शब्द तिथून आला आहे, तरुण संपादकांनी हे समजून घ्यावे. भित्रा म्हणायची हिंमत नसलेल्यांनी काढलेला तो शब्द आहे. ज्याला राग येतच नाही त्याने राग आवरला असे कोणी म्हणत नाही. उजनी धरणात पाणीच नसेल तर दरवाजे सांभाळणाऱ्याचे कौतुक कशाला करायचे? ज्याच्या नावाने आपण ख्रिस्ती म्हणवतो, तो न्यायासनासमोर गप्प उभा होता. त्या गप्प राहण्याला आपण उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सामर्थ्य म्हणतो, त्यावर उपदेश ऐकतो, डोळे पुसतो, आणि सोमवारी शेजारच्या माणसाच्या गप्प राहण्याला दुबळेपणा म्हणतो. यातले एक काहीतरी खोटे आहे. कोणते, ते मंडळीने ठरवावे.

त्या सभेनंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला सर भाकर आणि द्राक्षारस घ्यायला मेजापाशी गेले नाहीत. जागेवरच बसून राहिले. दुसऱ्या महिन्यातही तेच. लगेच कुजबुज झाली की चर्चच्या पंचांनी त्यांना शिस्त लावली, प्रभुभोजन बंद केले. एका बाईंनी तर मला कारणही सांगितले, सभेत पाळकसाहेबांचा अपमान केला म्हणून म्हणे. पंचांना यातले काहीच माहीत नव्हते. सरांनी खुलासा केला नाही. मी घरी जाऊन विचारले.

ते म्हणाले, “हात थांबला बाई, मन थांबलं नाही. रोज सकाळी उठून मी त्या माणसाचा जबडा मोडतो. असा कसा जाऊ मेजापाशी?”

लोकांना काय वाटेल, असे मी म्हटले. त्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी विषय बदलला. सभेत त्यांनी जे केले त्याला काही क्षण लागले होते. हे दुसरे काम कित्येक महिने चालले, आणि ते कोणाला दिसले नाही. माझ्या मते त्यांची खरी ताकद इथे लागली.

मग एका सकाळी सर चिटणीसांच्या घरी गेले. तिथे काय झाले ते मला चिटणीसांच्या पत्नीने सांगितले, त्या माझ्या वर्गमैत्रीण आहेत. सर बैठकीत बसले आणि म्हणाले, “मी तुमच्यावर फार रागावलो होतो, हे सांगायला आलोय. तुम्हाला मारायचं रोज मनात यायचं. आज उठलो तर आलं नाही. उद्या येईलही. म्हणून आजच आलो.”

चिटणीस आतल्या दाराकडे वळले. पत्नीला म्हणाले, चहा टाक. चहा झाला. सर उठले. त्या रविवारी ते प्रभुभोजनाला मेजापाशी गेले.

चिटणीसांनी माफी मागितली का, असे वाचक विचारतील. नाही. आजतागायत नाही. मध्यंतरी त्यांची प्रकृती बिघडली, डॉक्टरांनी चालायला सांगितले, आणि आता ते रोज सकाळी चालतात ते त्याच मैदानावर, कारण आसपास दुसरी मोकळी जागा उरलेली नाही. त्या वेळेला सर मुलींचा सराव घेत असतात. फाटकाची कडी वरच्या अंगाला आहे आणि जड आहे, म्हणून सर जाऊन ती उघडून देतात. दोघे आपल्या मंडळीतल्या रीतीने एकमेकांना सलाम म्हणतात. ते गृहस्थ या समारंभाच्या स्वागत समितीत आहेत आणि वर्गणीही त्यांनी मनापासून जमवली, हेही मी नमूद करते. मैदानाचा विषय नको, ही विनंती मूळ कोणाची होती ते मी विचारलेले नाही.

लेख लिहिण्याआधी मात्र मी सरांकडे गेले. मी हे सगळे लिहिणार आहे, नाव न घेता पण काहीही न वगळता, असे त्यांना सांगितले. सर चिडले. ते चिडलेले मला ओळखता येतात. त्यांना दुसऱ्याची लाज चव्हाट्यावर आणणे कधीच आवडले नाही. त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि दातांत धरली. हल्ली वरची कवळी आहे, त्यामुळे ती नीट बसत नाही. रूथवहिनी आतून म्हणाल्या, “अहो, परवाच चिकटवून आणलीय कवळी, परत फुटेल.” सर शिट्टी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले.

सवयीने मीही थांबले. मग ध्यानात आले की मी त्यांची विद्यार्थिनी नाही. मी उठले, वहिनींचा निरोप घेतला आणि घरी येऊन लिहायला बसले. शिट्टी वाजली नव्हती. सरांना मला थांबवायचे असते तर ते बोलले असते. त्यांना बोलता येते, हे आता तरी सर्वांना कळले असावे.

कसबे सरांना मोठे आयुष्य लाभो. गुडघे चांगले राहोत, म्हणजे सकाळचा सराव चुकणार नाही. केमच्या बाबू पैलवानांचा फोन दर नाताळात येत राहो. आणि राग शांत होवो, असे मी मागणार नाही. तो आहे तसाच असू दे. फक्त कवळी मजबूत राहो.